नाव यादीत होतं, मत नव्हतं

ज्या दिवसाबद्दल लिहिते आहे, त्या दिवशीची निवडणूक खरं तर व्हायचीच नव्हती. ब्रिटन २९ मार्च २०१९ला युरोपीय संघातून बाहेर पडणार, असं ठरलेलं होतं. पण पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार खासदारांनी जानेवारीत ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला, मार्चमध्ये आणखी दोनदा फेटाळला. मुदत आधी १२ एप्रिलवर गेली, मग ३१ ऑक्टोबरवर. संघात आहोत तोवर युरोपीय संसदेची निवडणूक घेणं कायद्यानं भाग होतं. म्हणून २०१६च्या सार्वमतातल्या बाहेर पडण्याच्या कौलाला तीन वर्षं होत आली असताना, २३ मेच्या गुरुवारी, स्विंडनमधल्या एका चर्चच्या सभागृहात मी मतदान अधिकारी म्हणून बसले होते. सकाळी सात ते रात्री दहा.

काम साधं असतं. नाव-पत्ता विचारायचा, यादीत नावावर पट्टी ठेवून रेघ ओढायची, क्रमांक टिपायचा आणि मतपत्रिका हातात द्यायची. त्या वेळी ओळखपत्र दाखवावं लागत नसे. राजकारणावर आम्ही एक अक्षर बोलायचं नाही, हा नियम मात्र कडक. समोरचा बोलला तर ऐकून घ्यायचं.

आणि त्या दिवशी समोरचे खूप बोलले.

आठच्या सुमारास एक आजोबा आले. तरुणपणी इथल्या रेल्वे कारखान्यात होते, असं त्यांनीच सांगितलं. मतपत्रिका हातात घेऊन ते टेबलासमोरच उभे राहिले. ‘‘२०१६ला मी याच हॉलमध्ये मत दिलं. ते कुठं गेलं, एवढं मला कुणीतरी सांगा.’’ आवाज चढलेला नव्हता. केंद्राध्यक्षांनी नम्रपणे मतकक्षाकडे हात केला. त्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं. तिथल्या पेन्सिलवर त्यांचा विश्वास नव्हता. पेन चालतं, म्हणून आम्ही काही म्हटलं नाही.

त्यांचं म्हणणं मला खोटं ठरवता येत नाही. सार्वमताआधी सरकारनं देशभर घरोघरी एक पत्रक पाठवलं होतं. हा निर्णय तुमचा आहे आणि तुम्ही ठरवाल ते सरकार अमलात आणेल, असं त्यात स्पष्ट छापलेलं होतं. १ कोटी ७४ लाख लोकांनी बाहेर पडायला मत दिलं, १ कोटी ६१ लाखांनी राहायला. मतदान ७२ टक्के झालं. स्विंडननंही बहुमतानं लीव्हचाच, म्हणजे बाहेर पडण्याचाच, कौल दिला. पुढे २०१७मध्ये संघाला नोटीस देण्याचा कायदा आला तेव्हा संसदेच्या कॉमन्स सभागृहात ४९८ खासदार बाजूनं उभे राहिले, ११४ विरोधात. त्याच वर्षीच्या निवडणुकीत दोन्ही मोठ्या पक्षांनी जाहीरनाम्यात निकाल मान्य केला. इतक्यांदा शब्द दिल्यावर ‘सार्वमत कायद्यानं फक्त सल्ल्यापुरतं होतं’ असं म्हणणं कायदेशीरदृष्ट्या बरोबर असलं, तरी त्या आजोबांना सांगण्यासारखं नव्हतं.

पण दुपारच्या आधी एक मुलगी आली. कॉलेजची बॅग पाठीला. मैत्रिणीला सांगत होती, ‘‘तेव्हा मी सोळा वर्षांची होते. ते उत्तर माझं नाही.’’ तिचंही खोटं नव्हतं. संघ सोडायचा का, एवढंच २०१६च्या मतपत्रिकेवर विचारलं होतं. सोडून कुठं जायचं, सीमाशुल्क संघात राहायचं की नाही, आयर्लंडच्या सीमेचं काय, यातलं काहीही विचारलेलं नव्हतं. त्यात फेब्रुवारीत होंडानं स्विंडनचा कारखाना २०२१मध्ये बंद करणार असं जाहीर केलं होतं. साडेतीन हजार नोकऱ्या. कंपनीनं विजेवरच्या गाड्यांचं कारण दिलं, ब्रेक्झिटचा संबंध नाही म्हटलं. गावात मात्र संघात राहण्याच्या बाजूचे रिमेनवाले म्हणायचे, बघा, आम्ही सांगत होतो. लीव्हवाले म्हणायचे, कंपनीच नाही म्हणतेय ना.

माझं मत सांगायचं तर, कौल पाळायला हवा याच बाजूची मी होते आणि आहे. त्याचं मूळ माझ्या घरात आहे. माझं माहेर सावंतवाडी, आजोळ पेडणे. गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावं की नाही, यावर १६ जानेवारी १९६७ला जनमत कौल झाला. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे संघप्रदेश. आजोळचं सगळं घर फुलाचं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. चौतीस हजारांचा फरक. आजोबा शेवटपर्यंत हळहळले. पण विलीनीकरणासाठी झगडलेले भाऊसाहेब बांदोडकर दोनच महिन्यांनी निवडणूक जिंकून पुन्हा मुख्यमंत्री झाले, आणि तरी गोवा संघप्रदेशच राहिला. १९८७ला तो राज्य झाला. हरलेल्यानं सत्ता हाती असूनही निकाल मानायचा, हे मी लहानपणापासून ऐकत आले. म्हणून पेनवाल्या आजोबांचा प्रश्न मला आतून कळत होता.

साधारण चारच्या सुमाराला ती आली. चाळिशीतली, गोदामातल्या कामाचं चमकदार पिवळं जॅकेट अजून अंगावर. आडनाव ऐकल्यावर मी वर पाहिलं. गोव्याची. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं पुष्कळ आहेत. १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. तो पासपोर्ट घेऊन ही मंडळी इथं आली, गोदामांत, कारखान्यांत, वृद्धाश्रमांत राबली.

यादीत तिचं नाव होतं. नावापुढे ‘जी’ हे अक्षर. त्याचा अर्थ, युरोपीय संघाची नागरिक, फक्त स्थानिक निवडणुकीत मत. युरोपीय संसदेसाठी मत द्यायचं तर आणखी एक फॉर्म भरावा लागायचा. मी माझ्या देशात नाही, इथंच मत देणार आहे, असं त्यात जाहीर करायचं असायचं. त्याची शेवटची तारीख होती ७ मे. आणि निवडणूक नक्की होणार, हे सरकारच्या वतीनं डेव्हिड लिडिंग्टन यांनी जाहीर केलं, तेही ७ मेलाच. नोंदणी दोनदा करावी लागू नये, ही पद्धत सोपी करा, असं निवडणूक आयोगानं २०१४च्या निवडणुकीनंतरच सुचवलं होतं. कुणी मनावर घेतलं नाही.

मी तिला समजावायला लागले. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, ‘‘तीन आठवड्यांपूर्वी, नगरपालिकेला, मी इथंच मत दिलं. याच टेबलावर.’’ ते खरं होतं, २ मेला स्थानिक निवडणूक झाली होती. मग एकदम कोकणीत वळली, माझ्या बोलण्यावरून तिनं ओळखलं असावं. ‘‘नांव आसा गो, मागीर मत कित्याक ना?’’

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते नियमाचं होतं. केंद्राध्यक्षांनी निवडणूक कार्यालयाला फोन लावला. तिकडूनही तेच. दिवसभर असे फोन देशभरातून चालू होते हे आम्हाला संध्याकाळी बातम्यांतून कळलं.

तिच्या मागे रांगेत एक मध्यमवयीन गृहस्थ होते. आत येतानाच ‘हे सगळं पुन्हा कशाला, आम्ही आमचं उत्तर दिलंय’ असं त्यांनी मोठ्यानं म्हटलं होतं. ते पुढे वाकून विचारू लागले, ‘‘तिचं नाव आहे ना यादीत? मग कागद द्या तिला.’’ केंद्राध्यक्षांनी त्यांनाही नकार दिला. गृहस्थांना ते पटलं नाही. ‘‘मग यादी कशाला ठेवता?’’ असं म्हणत ते तिच्याकडे बघून मान हलवत राहिले.

मला तेव्हा एकच गोष्ट खुपत होती. २०१६च्या सार्वमतात मी मत दिलं होतं. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट, म्हणजे राष्ट्रकुलाची नागरिक. इथं येऊन फार दिवसही झाले नव्हते. ती माझ्या कितीतरी आधी आलेली, तिच्या इथं राहण्याच्या हक्काचाच तो प्रश्न, आणि तिला मत नव्हतं. आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस सोडले तर संघाच्या कुठल्याच नागरिकाला नव्हतं. निदान या वेळी कायदा तिच्या बाजूनं होता. तिला हक्क होता, आणि तो एका कागदावरून गेला. कौलाचा मान राखा म्हणून जी माणसं तीन वर्षं ओरडत होती, त्यांच्या ओरडण्याला माझ्या लेखी वजन आहे. पण मताचा मान म्हणजे जिंकलेल्या मताचाच मान नव्हे. सकाळचे आजोबा आणि दुपारची ही बाई, दोघांची तक्रार एकच होती, आणि दोघांनाही मी एकसारखं, काही न बोलता, ऐकून घेतलं होतं.

ती भांडली नाही. जाताना म्हणाली, ‘‘तुजी चूक न्हय.’’

रात्री दहाला दारं बंद झाली. पेटीला सील लावलं. मग हिशेबाचा तक्ता भरायचा असतो: मिळालेल्या मतपत्रिका, दिलेल्या, खराब झालेल्या, उरलेल्या. परत पाठवलेल्या मतदारांसाठी त्यात रकाना नाही. मी केंद्राध्यक्षांना म्हटलं, हे कुठंतरी लिहायला हवं. ते दमले होते, तरी त्यांनी वेगळा कागद घेतला आणि दिवसभरात अशा कारणानं किती जण परत गेले, त्यांच्या येण्याच्या वेळा, फोनवर मिळालेलं उत्तर, सगळं लिहून सही केली. मीही सही केली. तो कागद पेटीबरोबर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थेरेसा मे यांनी राजीनामा जाहीर केला. मोजणी रविवारी रात्री झाली. ब्रेक्झिट पक्षाला ७३पैकी २९ जागा मिळाल्या, आमच्या नैर्ऋत्य विभागात सहापैकी तीन. ३१ जानेवारी २०२०ला ब्रिटन संघातून बाहेर पडलं. युरोपीय संसदेची निवडणूक इथं पुन्हा होणार नाही, त्यामुळे तिला ते मत आता कधीच देता येणार नाही.