नवा कॉम्प्रेसर, जुनं तेल

"साहेब, तुमच्या ऑईल-फ्रीनं पण डोळे मारले की!" पेंट शॉपच्या मामांनी पॅनल माझ्यापुढे धरलं. काळ्या रंगावर बारीक गोल खड्डे, फवाऱ्याच्या हवेत तेल असलं की पडतात तसे. सगळे त्यांना फिश-आय म्हणतात, मामा नुसतं डोळे.

वाळूजचा कारखाना, मे महिना. तीनच आठवड्यांपूर्वी माझ्या शिफारशीवरून इथे 500 सीएफएमचा (मिनिटाला 500 घनफूट हवा देणारा) ऑईल-फ्री स्क्रू कॉम्प्रेसर बसला होता, म्हणजे हवा दाबताना तिला तेल लागू न देणारा. जुन्या तेलाच्या मशिनच्या जवळजवळ दुप्पट किंमत. तेव्हा माझ्याशी भांडलेले परचेसवाले आज मागे हाताची घडी घालून गप्प उभे होते. त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिलेल्या परवडल्या असत्या.

पांढरा टिश्यू घेतला. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी धरला, कोरा. ड्रायरनंतर, कोरा. पेंट बूथच्या ड्रॉपवर, म्हणजे मुख्य पाइपातून खाली उतरणाऱ्या फाट्यावर धरला आणि काही मिनिटांत पिवळट डाग उमटला. म्हणजे तेल मधल्या पाइपात होतं. ऑईल-फ्रीचं प्रमाणपत्र मशिनच्या तोंडापुरतं असतं. पुढच्या पाइपाला ते कोण देणार?

रविवारी लाइन बंद करून हेडरची, म्हणजे हवेच्या मुख्य पाइपाची फ्लँज उघडली. बोट घातलं तर काकवीसारखं काळं. तिथेच मोबाइलवर हिशेब मांडला. तेलाच्या स्क्रूमधून, तेल वेगळं करणाऱ्या सेपरेटरनंतरही घनमीटरमागे साधारण 3 मिलिग्रॅम तेल निसटतं. 500 सीएफएम म्हणजे तासाला 850 घनमीटर. वर्षाला 6000 तास धरले तर 15 किलो. ते अडवायला लाइन फिल्टर असतो.

होता की! ऑपरेटर अभिमानानं म्हणाला, "डीपी गेजचा काटा कायम हिरव्यात." मला तिथेच घाम फुटला. हा गेज फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक दाखवतो. आतलं एलिमेंट, म्हणजे गाळणी, हळूहळू भरतं तसा काटा चढायलाच हवा. फिल्टर खोलला तर एलिमेंट एका बाजूनं फाटलेलं. हवा अडतच नव्हती, मग काटा हलणार कसा?

खरं सांगायचं तर शिफारस करण्याआधी हा फिल्टर मी उघडून बघायला हवा होता. औषधाच्या गोळीला हवा लागत असेल तर मी आजही ऑईल-फ्रीच सांगेन, तिथे जोखीम नको. पण या पेंट शॉपला तेलाचा स्क्रू, वेळेवर बदललेली एलिमेंट्स आणि वर तेलाची वाफ शोषणारा एक कार्बन टॉवर पुरला असता. टॉवर लागतोच, कारण उन्हाळ्यात हवा गरम असली की तेलाची वाफ साध्या फिल्टरमधून सरळ निघून जाते.

हेडर धुऊन निघण्यातला नव्हता. ॲल्युमिनियमची नवी लाइन टाकली, रिसीव्हर, म्हणजे हवेची टाकी, आतून साफ केला. जुना कॉम्प्रेसर प्रेस शॉपला दिला. तिथल्या हवेवर चालणाऱ्या सिलिंडरांना नाहीतरी ल्युब्रिकेटरमधून तेल पाजावंच लागतं.

निघताना परचेसवाल्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "ते फाटलेलं एलिमेंट नवं केवढ्याला येतं?"

मी आकडा सांगितला. त्यांनी तो डायरीत लिहिला, शेजारी कॉम्प्रेसरची किंमत लिहिली आणि डायरी माझ्याकडे फिरवली.