आधी खा, मग गोळी

वडकी नाल्याच्या विसाव्याला आमची दिंडी फराळाला बसली होती, तेव्हा मी नुसत्या पाण्याबरोबर चारशे मिलिग्रॅमची गोळी घेतली. शुद्ध मूर्खपणा. ही गोळी जेवणाबरोबर, मोठा पेलाभर पाण्याने घ्यायची, हे मला पाच वर्षांपासून पाठ आहे. पण ज्येष्ठातली एकादशी होती, शेजारची आजी फक्त पाण्यावर होती आणि सत्तरी ओलांडलेली बाई उपास काढते तर आपल्याला काय धाड भरलीय, असं डोक्यात शिरलं. दिवे घाटाच्या दुसऱ्या वळणावर सगळं उलटून पडलं.

आजीनं माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि मला कडेला बसवलं.
"पित्त झालं का गं?"
"नाही, गोळीनं झालं."
"कसली गोळी?"

सांगून टाकलं. रक्ताचा कॅन्सर म्हटलं की समोरच्याचा आवाज खाली येतो आणि मग 'पॉझिटिव्ह राहा' येतं, हे मला सवयीचं आहे. आजीचा आवाज उलट चढला. "मग रिकाम्या पोटी घेतलीस कशाला? तुझं औषध विठोबाला ठाऊक नाही व्हय?" तिनं कोणाकडून तरी राजगिऱ्याचा लाडू मागून आणला आणि मी तो संपवेपर्यंत समोरून हलली नाही. खाली वाकून पाहिलं तर सगळा घाट पताकांनी भरलेला, आणि माझ्या तोंडात लाडवाचा भुगा.

रात्री सासवडच्या तळावरून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आज परत घेऊ नका, उद्याची उद्या.

माझ्या आजाराचं नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. हर्नियाच्या साध्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी एक लाख ऐंशी हजार निघाल्या. असाव्यात चार ते अकरा हजार. मला त्रास म्हणाल तर डाव्या बरगडीखाली जडपणा, तोही प्लीहा सुजल्यामुळे, हे नंतर कळलं. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलतात, त्यातून एक नवीन जनुक तयार होतं आणि त्याचं प्रथिन अस्थिमज्जेला पेशी बनवतच राहायला लावतं. गोळी त्या प्रथिनाला अडवते. ती २००१ साली बाजारात आली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मूळ कंपनीला तिचं पेटंट नाकारलं, म्हणून देशी कंपन्यांना ती बनवता येत राहिली. ती बातमी तेव्हा मी वाचलीही नव्हती. आज देशी कंपनीचं पाकीट फोडताना कधी कधी आठवते. "हा आजार घेऊन म्हातारं होता येतं," असं डॉक्टर पहिल्या दिवशी म्हणाले होते. माझ्या बाबतीत तरी धीराचं तेवढं एकच वाक्य कामाला आलं.

एक सांगायला हवं. रक्ताचे सगळे कॅन्सर असे नसतात. काहींत केमोनं माणूस अंथरुणाला खिळतो, काहींत हाडं इतकी ठिसूळ होतात की घाट चढणं दूरच. त्यामुळे 'ती बघ, वारीला गेली' असं माझं नाव काढून कुणाला टोचू नका. माझा रिपोर्ट दर तीन महिन्यांनी येतो. रक्तात त्या नव्या जनुकाचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली असलं की डॉक्टर मान डोलावतात. निघण्याआधीचा ०.०४ होता, म्हणून तर परवानगी मिळाली. तीही अटी घालून: बाटलीचंच पाणी, ताप आला तर तळावर न थांबता सरळ दवाखाना, आणि वाटेतल्या मोफत शिबिरातली कुठलीही गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही. पाणी भरपूर प्यायचं म्हणजे आडोसा शोधणं आलंच. त्याबद्दल बायकांनाच विचारा.

खरी गंमत पुढे तरडगावच्या मुक्कामी झाली. या गोळीनं पायात पेटके येतात. घरी रात्री पेटका आला की मी तोंडात उशीचा कोपरा धरते, नवरा जागा होऊ नये म्हणून. राहुटीत मध्यरात्री पोटरी दगडासारखी झाली आणि तोंडातून "आई गं" निघालंच. तर पलीकडून कुणीतरी म्हणालं, "माझी पण धरलीय." तिसरी म्हणाली, "अंगठा वर ओढ, अंगठा." अंधारातच आम्ही तिघी आपापले अंगठे धरून बसलो आणि मला हसू आवरेना. सकाळी माझे डोळे सुजलेले असतात, हाही गोळीचाच प्रताप. पण पहाटे तीनला उठलेल्या त्या राहुटीत कुणाचे डोळे सुजलेले नव्हते? पाच वर्षांत पहिल्यांदा माझी दुखणी चारचौघींसारखी होती. 'तुला बरं वाटत नाहीये का' असं एकदाही कुणी विचारलं नाही. विचारलं ते इतकंच, की टाळ धरतेस का.

गोळ्यांचा ताबा घाटापासून आजीकडेच होता. रोज दुपारची पंगत उठायच्या आत हाक यायची, "माउली, तुमची गोळी!" नको तेवढ्या मोठ्यानं. फलटणपर्यंत दिंडीतल्या निम्म्या लोकांना माझा आजार कळला होता. पहिले दोन दिवस राग आला. नंतर वीणेकरीबुवाच विचारू लागले, "झाली का गोळी?"

पंढरपुरात दर्शनाची रांग माझ्या पायांना झेपणारी नव्हती. आम्ही दोघींनी कळसाला हात जोडले आणि वाळवंटात येऊन बसलो. आषाढी एकादशी. आजी पुन्हा नुसत्या पाण्यावर. तिनं पिशवीतून पाकीट काढलं. आळंदीहून निघताना वीस होत्या, आता ही आणि उद्याची, अशा दोनच उरल्या होत्या. गोळी मुठीत धरून तिनं दुसऱ्या हातानं साबुदाण्याच्या खिचडीचा द्रोण माझ्यापुढे सरकवला.

"आधी हे संपव," ती म्हणाली. मूठ उघडली नाही.