हदिनेळु

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा म्हणून समितीचा निरोप आला, त्याबरोबर आमच्या बॅचची यादीही आली. दहावी, १९८९. नावं ३४. यादी मी दोनदा वाचली, मग वहीचं मागचं पान काढलं आणि एक ते बावन्न आकडे ओळीनं मांडले. आठवीत आम्ही ५२ होतो. रात्री उशिरापर्यंत एकेका आकड्यापुढं नाव घालत बसलो. समितीची यात चूक नाही. दहावी उत्तीर्ण झालेल्यांची नावं छापायची असं ठरलं, त्याप्रमाणे त्यांनी यादी केली. पण माझ्या आठवणीतला वर्ग ३४ जणांचा नाही. म्हणून उरलेल्या १८ जणांबद्दल लिहितो, त्यातही जास्त करून एकाबद्दल. हजेरीच्या नंबरांनीच लिहितो. आमच्यातल्या कितीतरी जणांना आज नाव सांगून ओळख पटणार नाही, नंबर सांगितला की लगेच पटेल.

माझा नंबर १८. कन्नडमध्ये हदिनेंटु. माझ्या आधी १७, हदिनेळु.

आम्ही आठवीत आलो तो १९८६ चा जून. ज्यांना तो जून आठवतो त्यांना वेगळं सांगायला नको. आज शाळेत असलेल्या मुलांसाठी लिहितो: १ जूनला बेळगाव भागात कन्नडसक्तीविरोधी आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, माणसं गेली. हिंडलग्याला त्यांचं हुतात्मा स्मारक आहे, दरवर्षी १ जूनला तिथं लोक जमतात. त्या दिवसांत आमचे अप्पा रात्री दिवा बारीक करून बाहेर कट्ट्यावर बसून राहायचे. शाळा भरली तेव्हा वर्गात नव्या वह्यांचा वास होता आणि कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

१७ नंबर माझ्या बाकावरचा. पहिलीपासूनचा. त्याचे वडील गौंडी, सौंदत्तीकडून कामाला आलेले आणि इथंच राहिलेले. घरात कन्नड, बाहेर मराठी. गावात शाळा मराठीच, म्हणून तोही मराठीतच शिकला. निबंध माझ्यापेक्षा चांगला लिहायचा. त्याच्या घरात कन्नड बोलतात हे मला माहीत होतंच, त्यांच्या चुलीजवळ बसून मी कितीदा जेवलो होतो. पण त्या जूनमध्ये कुणीतरी मला म्हणालं, "त्याच्याजवळ बसूलैस काय?" एवढंच. मी दप्तर उचललं आणि मागच्या बाकावर गेलो.

बारा दिवस मी तिथं बसलो. तो एकदाही मागं वळला नाही. पाऊस धरला होता. आमच्या बाकाच्या टोकाला, बरोबर मी बसायचो त्या जागी, कौलातून गळायचं. तिथं त्यानं आपल्या डब्याचं झाकण ठेवलं होतं. त्यावर पडणाऱ्या थेंबांचा आवाज मागच्या बाकापर्यंत यायचा.

कन्नडचे सर त्याच महिन्यात रुजू झाले. बैलहोंगलकडचे, वय पंचविशीच्या आत. तशा दिवसांत या गावात कन्नड शिकवायला येऊन खोली घेऊन राहायचं, याला काय धैर्य लागलं असेल हे मला स्वतः शिक्षक झाल्यावर कळलं. पहिल्या दिवशी फळ्यावर त्यांच्याबद्दल वाईट लिहून ठेवलेलं होतं. सरांना मराठी वाचता येत होतं. त्यांनी ते पुसलं, हात झटकले आणि त्याच जागी कन्नड 'अ' काढला.

कन्नड अक्षरं तोवर आम्ही बसच्या पाटीवर पाहिलेली. सरांनी शिकवलं तेव्हा समजलं की मराठी अक्षरं जशी एका सलग रेघेला टांगलेली असतात तशी ही नसतात. प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं त्याचं वळण असतं, त्याला तलकट्टु म्हणतात. आपली बाराखडी म्हणजे त्यांचं कागुणित. जोडाक्षरात आपण पहिलं अक्षर अर्धं करतो, त्यांच्याकडे दुसरं अक्षर पहिल्याच्या पायाशी बसतं. आम्हाला सर्वांत जड गेले ते आखूड आणि लांब 'ए', 'ओ'. मराठीत हा फरक लिहीत नाहीत, त्यामुळे आमच्या कानांना तो ऐकूच यायचा नाही. 'कोडु'मधला ओ आखूड म्हटला तर 'दे', लांबवला तर 'शिंग'. सर दोन्ही म्हणून दाखवायचे, आम्ही ५२ जण दोन्ही एकसारखं म्हणायचो. ५१ म्हणायला हवं. एकाला ते जन्मापासून येत होतं आणि तो मान खाली घालून गप्प बसायचा.

सरांनाही आमचं मराठी जड जायचं. 'चमचा'तला च त्यांच्या जिभेवर बसायचा नाही. त्याहून अवघड लिंग. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. सर म्हणायचे, "तो खिडकी लाव." एकदा त्यांनी मनापासून विचारलं की खिडकी ती आणि दरवाजा तो, हे तुम्ही कशावरून ठरवता? वर्गात कुणालाच सांगता आलं नाही. मराठीच्या बाईंना विचारलं, त्यांनाही आलं नाही. आपण ज्या भाषेसाठी इतकं बोलतो तिच्याकडे मी बाहेरून पहिल्यांदा पाहिलं ते त्या तासाला.

पहिल्या चाचणीत मला कन्नडमध्ये २५ पैकी ४ गुण मिळाले. दुसऱ्या दिवशी मी दप्तर घेऊन पुढच्या बाकावर आलो. माझं मन पालटलं म्हणून आलो असं लिहिलं तर खोटं होईल, मला कन्नड येत नव्हतं म्हणून आलो. त्यानं डब्याचं झाकण उचललं, पाणी खिडकीतून ओतलं, बाक शर्टाच्या बाहीनं पुसला आणि सरकून जागा दिली. त्या बारा दिवसांबद्दल तो तेव्हा बोलला नाही, नंतरही नाही. मीही बोललो नाही. आज इथं लिहितो आहे.

सर आपल्या तासाला वेगळी हजेरी घ्यायचे, स्वतःच्या वहीतून, कन्नड आकड्यांत. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. उत्तर आम्ही मराठीतच द्यायचो, "हजर, सर." दोन महिन्यांत सगळ्या वर्गाला बावन्नपर्यंत कन्नड अंक पाठ झाले, कुणाला वेगळं शिकवावं लागलं नाही. पुढं बाजारात, कचेरीत, बसमध्ये मला जे कन्नड उपयोगी पडलं त्याचा पाया ती हजेरी आहे. अक्षरं मात्र १७ नंबरनं शिकवली. मधल्या सुट्टीत माझ्या तळहातावर बोटानं काढायचा आणि म्हणायचा, "आता सांग गा, कुठलं?"

नववीचं वर्ष माझ्या आठवणीत ऋतूंनी भरलेलं आहे. जुलैत भाताची रोप लावण, वर्ग निम्मा रिकामा. ऑक्टोबरमध्ये दसऱ्याची सुट्टी, तेव्हा रताळी काढायची, कारण नवरात्रात त्यांना भाव. चंदगड भागातल्या आमच्या मामेभावांना सुट्टी दिवाळीची, आम्हाला दसऱ्याची. मामाचं गाव सायकलच्या टप्प्यात, पण दोन राज्यांच्या सुट्ट्या कधी जुळल्या नाहीत, म्हणून आम्ही गेलो की ती पोरं शाळेत आणि ती आली की आम्ही शाळेत. मग सुगी, पुन्हा वर्ग रिकामा. मास्तर हजेरी घेताना "शेतात गेलाय सर" हे उत्तर चालवून घेत. सुगी संपली की पोरं परत येत. सगळी परत येत नसत, हे आमच्या लक्षात यायचं नाही, कारण कुणी निरोप घेऊन जात नसे.

त्या उन्हाळ्यात १७ नंबरचे वडील परांचीवरून पडले. पाय मोडला. मे महिन्यापुरता म्हणून तो बेळगावच्या उद्योग वसाहतीत, उद्यमबागेत, फौंड्रीत जायला लागला, पहाटे सायकलवरून. जूनमध्ये शाळा भरली, तो आला नाही. रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "पुढच्या सोमवारी येतो." त्याच्या बोटांच्या पेरांत काळी वाळू बसलेली होती.

दोन रविवार सर त्याच्या घरी गेले. दुसऱ्या वेळी मी बरोबर होतो. सर त्याच्या आईशी कन्नडमध्ये बोलत होते आणि ते मला कळत होतं. ते एकच गोष्ट फिरून फिरून सांगत होते: ओंदे वर्ष, अव्वा, ओंदे वर्ष. एकच वर्ष. आई काही बोलली नाही. तिनं आम्हाला चहा दिला. आतल्या खोलीत वडील भिंतीकडं तोंड करून पडले होते.

वर्गशिक्षकांच्या हजेरीपटात ऑगस्टमध्ये त्याच्या नावावरून लाल शाईची रेघ गेली. नियमच तसा आहे, मीही आज तेच करतो. सरांच्या वहीत मात्र ती रेघ कधी आली नाही. दहावीचं वर्षभर ते पंधरा, सोळा झाल्यावर "हदिनेळु" म्हणायचे आणि थांबायचे. एक श्वास घेऊन सोडायला लागेल तेवढा वेळ. मग "हदिनेंटु", आणि मी "हजर, सर" म्हणायचो. वर्गात कुणी हसलं नाही, कुणी "शाळा सोडली सर" असंही सांगितलं नाही. १९८९ च्या फेब्रुवारीत शेवटचा तास झाला, त्या दिवशीसुद्धा ते थांबले होते.

बाकीच्या सतरा जणांबद्दल सगळं लिहायला जागा नाही. ६ आणि ११ गोव्याला बेकरीत गेले. २६ नंबर गवळ्याकडं राहिला. ३० ला लिहिताना फळा दिसायचा नाही, चष्मा हवा होता एवढंच, पण ते आम्हा कुणाला तेव्हा कळलं नाही आणि सगळे त्याला ढ म्हणाले.

४१ नंबरबद्दल मात्र लिहायलाच हवं. नलवत्तोंदु. ती मार्कंडेय नदीच्या पलीकडून चालत यायची, पावसाळ्यात चपला हातात धरून. भूमितीचं प्रमेय फळ्यावर अर्धं झालं की पुढची पायरी ती बाकावरून सांगायची. नववीत दिवाळीनंतर तिचं लग्न ठरलं, शिनोळीच्या पुढं, महाराष्ट्रात. पंधरा वर्षांची होती. कायद्यानं ते लग्न होऊ शकत नव्हतं हे गावात शिकलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. आम्ही वर्गातली पोरं लग्नाला जाऊन जेवून आलो. गेल्या वर्षी तिच्या गावात भेट झाली. मुलाचं बारावीचं गणित तिनं स्वतः पुस्तक वाचून त्याला शिकवलं, घर कामांतून उरलेल्या रात्री. "तुझ्या शाळेचा सुवर्णमहोत्सव हाय म्हणे," ती म्हणाली. तुझ्या शाळेचा. हे मला लागलं.

मी खानापूर तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. पट दरवर्षी कमी होतो, मुलं इंग्रजी शाळेच्या गाडीत बसून जातात, आणि मराठी शाळा टिकवण्याच्या सभांना मी मनापासून जातो. पण सभेत टिकवायच्या गोष्टींत आधी पोरं येतात असं मला वाटतं. सलग तीन दिवस एखादं मूल आलं नाही की मी त्याच्या घरी जातो. कन्नडच्या सरांकडून मी घेतलं ते एवढंच. सर आता नाहीत. त्यांच्या मुलांकडे ती हजेरीची वही असेल का, हे विचारायला मला फार उशीर झाला.

गेल्या महिन्यात उद्यमबागेला गेलो. १७ नंबरचं आता स्वतःचं वर्कशॉप आहे, दोन लेथ, चार कामगार. त्यांच्याशी तो एका वाक्यात कन्नड आणि दुसऱ्या वाक्यात मराठी बोलत होता. मी यादीचा विषय काढला. त्यानं कपड्याला हात पुसले. "माझं नाव कशाला? मी कुठं पास झालोय?" मी म्हटलं, आठवीत होतास, नववीत होतास. शाळेच्या जनरल रजिस्टरात तुझं नाव आहे, ते कुणी काढलेलं नाही. बराच वेळ तो लेथकडं बघत होता. मग म्हणाला, लेखात नको, यादीत घाल. आणि मी निघताना मागून विचारलं, "सर ते खरंच वर्षभर थांबायचे?" हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही, इतक्या वर्षांत.

मुख्याध्यापकांच्या परवानगीनं मी जनरल रजिस्टर पाहिलं आणि आठवीत दाखल झालेल्या आमच्या वर्गाची यादी समितीकडे दिली आहे. प्रत्येक बॅचनं आपापली अशी यादी द्यावी आणि स्मरणिकेत तीच छापावी, अशी माझी विनंती आहे. पानं वाढली तर त्यांचा खर्च आम्ही वर्गमित्र वाटून घेऊ. आमच्या यादीत एक अडचण उरली आहे. २९ नंबरच्या ओळीवर रजिस्टरात पाणी पडून शाई फुटली आहे. मुलगा बारीक होता, खिडकीजवळ बसायचा, आणि त्याला बासरी वाजवता यायची. नाव कुणालाच आठवत नाही. ज्यांना आठवत असेल त्यांनी छपाईपूर्वी शाळेच्या कार्यालयात कळवावं. तोवर ती ओळ मी मोकळी सोडली आहे.