अर्धवट ऐकलेलं

दिवाळी अंकांतल्या कथांमध्ये पाऊस फार पडतो. अंक हातात येतो तेव्हा बाहेर लख्ख ऊन असतं, डब्यात चकल्या असतात, आणि पहिल्याच कथेची नायिका ओलीचिंब होऊन दारात उभी असते. कारण अगदी साधं आहे. संपादकांचा फोन जूनमध्ये येतो, कथा ऑगस्टअखेर हवी असते, आणि लिहिणारा खिडकीशी बसून जे दिसेल ते कागदावर उतरवतो. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आम्हा लोकांचं वर्ष आषाढातच सुरू होतं.

त्यातून मी बडोद्याची. आमचा पाऊस नुसता पडत नाही. आजवा तलाव भरला की विश्वामित्री फुगते, आणि नदीतल्या मगरी गावात हवापालट करायला येतात. २०२४च्या ऑगस्टमधल्या पुरात तर त्या लोकांच्या अंगणापर्यंत आल्या होत्या. मी एकदा एका कथेत पार्किंगमधल्या स्कूटरमागे मगर ठेवली. पुण्याहून संपादकांचा फोन आला, “ताई, मगर प्रतीक म्हणून आहे ना?” म्हटलं, नाही हो, मगर म्हणूनच आहे. ते म्हणाले, “वाचकांना पटायचं नाही.” शेवटी मगर काढून कुत्रं घातलं. कथा पटली.

खरं घडलेलं कथेला चालतंच असं नाही, हे त्या मगरीनं मला शिकवलं. तरी “तुम्हाला सुचतं कुठून?” असं विचारणाऱ्यांची खात्री असते की लेखक आयुष्यात घडलेलं लिहितो. माझ्या आयुष्यात विमा कंपनीतली नोकरी घडली. त्यावर कोण काय लिहिणार!

मला सुचतं ते अर्धवट ऐकलेल्यातून. खंडेराव मार्केटात भाजी घेत होते. मागे दोन बायका बोलत होत्या. एक म्हणाली, “घर वेची नाख्युं, पण हिंचको न आप्यो.” घर विकलं, पण झोपाळा नाही दिला. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. पैसे दिले, कोथिंबीर विसरले आणि तडक घरी आले. बडोद्यात घर म्हटलं की झोपाळा आलाच, गुजराती असो की मराठी. पण सगळं विकून टाकणाऱ्या माणसानं तेवढा का मागे ठेवला? नव्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तो टांगला तरी कुठे? त्यावर शेवटचं कोण बसलं होतं? रात्रीपर्यंत माझा म्हातारा तयार झाला होता, त्याची सून तयार झाली होती, आणि दोघांमध्ये त्या चार कड्या लटकत होत्या.

कथा छापून झाल्यावर खरी हकीकत कानावर आली. बडोदं इतकंही मोठं नाही. तर त्या गृहस्थांनी झोपाळा दिला नाही, कारण कड्या अस्सल पितळेच्या होत्या आणि घर घेणारा त्यांचे वेगळे पैसे द्यायला तयार नव्हता. झालं, एवढंच. हे आधी कळलं असतं तर मी त्या दिवशी कोथिंबीर आणली असती.

कादंबरीकार हेन्री जेम्सनं असंच काहीसं लिहून ठेवलं आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी एका जेवणावळीत शेजारी बसलेल्या बाईंनी सहज सांगितलं, की अमक्या घरात आई आणि मुलगा किमती फर्निचरवरून भांडताहेत. दहा शब्दांत त्याला अख्खी कादंबरी दिसली. पण बाई पुढे बोलतच राहिल्या, आणि आता यांनी थांबावं, असं त्याला होऊन गेलं. पुढचा सगळा तपशील त्याच्या दृष्टीनं नासाडी होती. ते वाचल्यावर मला फार बरं वाटलं. लंडनच्या जेवणावळीतही झोपाळाच होता म्हणायचा.

मोठ्या लेखकांच्या बाकीच्या सवयी मात्र मला परवडणाऱ्या नाहीत. अँथनी ट्रॉलप पोस्टखात्यात नोकरी करत असे आणि पहाटे साडेपाचला टेबलाशी बसून, समोर घड्याळ ठेवून, दर पाव तासाला २५० शब्द लिहीत असे. उठवायला एक म्हातारा नोकर होता, त्याला त्या कामाचे वर्षाला ५ पौंड जादा मिळत. आमच्याकडे साडेपाचला पाणी येतं. मी लिहिते दुपारी, जेवणाच्या टेबलावर, पाठकोऱ्या कागदांवर. सवय म्हणावी अशी एकच: लिहून होईपर्यंत कथा कुणाला सांगायची नाही. एकदा तोंडानं सांगितली की ती लिहावीशी वाटत नाही. हे विचारतात, “काय लिहितेयस?” मी म्हणते, “वाणसामानाची यादी.” सदतीस पानांची यादी बघूनही ते काही बोलत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

नावांचं मात्र फार अवघड असतं. मराठीत आडनाव लिहिलं की जात आली, गाव आलं, अर्ध्या वाचकांचं मत बनलं, आणि पात्रानं अजून तोंडही उघडलेलं नसतं. म्हणून मी जुन्या लग्नपत्रिका जपून ठेवते. एकीतून नाव घ्यायचं, दुसरीतून आडनाव, म्हणजे कुणी ओळखणार नाही. तरी एक वहिनी भेटल्याच. “तुमच्या कथेतली ती कजाग नणंद मीच ना?” त्यांचा माझ्या डोक्यात विचारही आला नव्हता. आता मात्र येतो.

सुचेनासं झालं की मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाते. सयाजीरावांनी १९१० साली बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यातल्या वाचनालयांची घडी बसवली, त्यातलं हे मुख्य. पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांमधली जमीन काचेची आहे, खालच्या मजल्यावर उजेड पोचावा म्हणून. त्या काचेचा दुसरा उपयोग असा, की वर कुणी चाललं तर खालून नुसती तळव्यांची सावली सरकताना दिसते. माणूस नाही, चेहरा नाही. सावली एका कपाटापाशी बराच वेळ थांबते, मग झपझप परत जाते. जिना चढून कोण ते बघायला मी कधी गेले नाही.

याउलट, आपली गोष्ट पूर्ण सांगणारी माणसं. “बेन, मारी वात लखजो”, ताई, माझी गोष्ट लिहा, हे वाक्य या गावात मी रिक्षावाल्यापासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांकडून ऐकलं आहे. सध्या आमच्या मजल्यावरचे निवृत्त काका दर रविवारी येतात. तारीखवार सांगतात, बदल्यांच्या ऑर्डरी दाखवतात, मध्येच “हे लिहून घ्या” म्हणतात. मी लीला चिवडा पुढे करते आणि माना डोलावते. लहानपणीचा त्यांचा एक ग्रुप फोटो आहे. सगळ्यांची ओळख करून दिली त्यांनी: आई, वडील, आत्या, घरगडी, कुत्र्याचं नावसुद्धा. कडेला त्यांच्याच चेहऱ्याचा एक मुलगा उभा आहे, दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. त्याच्यावरून बोट तसंच पुढे गेलं.

पुढच्या रविवारी ते १९७४ची बदली सांगणार आहेत. येऊ देत. चिवडा आणून ठेवलाय. त्या मुलाबद्दल मी काही विचारणार नाही, आणि त्यांनीही दिवाळी अंकाला कथा जाईपर्यंत काही सांगू नये, एवढीच माझी इच्छा आहे.