भरीत थंडीतच करावं

आमच्या जळगावकडे आता शेतात भरीत पार्ट्या सुरू झाल्या असतील. पुण्यात वांगी बाराही महिने मिळतात, पण भरीत मी थंडीतच करते. आजीच्या घरी आषाढी एकादशीला बंद झालेलं वांगं चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच सुटायचं. तोवर खरी भरीताची वांगी बाजारात आलेली असतात: हिरवी, पांढरट रेघांची, चांगली मोठी, बिया अगदी कमी. आसोदा, बामणोद अशी गावांची नावं सांगूनच ती विकतात. २०१६ साली या वांग्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटायचेच बाकी होते.

मला मात्र वांग्याइतकंच बाकीच्या सामानाचं कौतुक वाटतं. कपाशीची वेचणी उरकत आली की वाळल्या काड्या हाताशी असतात, त्यांच्याच जाळावर वांगी भाजायची. दिवाळीच्या आगेमागे शेंगा निघालेल्या, म्हणून दाणे नवे. कांद्याची पात कोवळी. खरिपाची ज्वारी आणि उडीद घरात आलेले, ते मीठ घालून एकत्र दळले की कळण्याची भाकरी. एवढं सगळं त्याच शिवारातून, त्याच दिवसांत येतं. ते मागवायला कुठे लांब जावं लागत नाही.

भाजलेली वांगी गरम असतानाच सोलायची आणि बडगीत, म्हणजे खोलगट लाकडी भांड्यात, ठेचायची. मिक्सर अजिबात नको, त्याने लगदा होतो. भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूणही त्यातच ठेचायचा. मग शेंगदाण्याच्या तेलात दाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप तळून घ्यायचे, त्यातच भरीत परतायचं.

इथे फ्लॅटमध्ये काड्यांचा जाळ कुठला? मामा ट्रॅव्हल्सच्या गाडीने वांगी पाठवतो तेव्हा मी त्याला ती तिकडेच भाजून पाठवायला सांगते. डबा उघडला की काड्यांच्या धुराचा वास येतो. गॅसवर साल जळते, पण तो वास आत उतरत नाही.

तुम्ही बाजारातून घेणार असाल तर आकाराच्या मानाने हलकं लागणारं वांगं निवडा. आणि पात अगदी शेवटी घाला, थोडी कच्ची ताटातही घ्या, सोबत मुळा.