"आज नको, पुढच्या महिन्यात या"

"आज नको, पुढच्या महिन्यात या," असे रक्तपेढीतील परिचारिकेने इतक्या सौम्यपणे सांगितले की हा नकार आहे हे कळायलाच मला क्षणभर लागला. आदल्या दिवशीच्या मोठ्या शिबिरामुळे माझ्या गटाच्या पिशव्यांनी शीतकपाट भरून गेले होते.

मी निघताना ती म्हणाली, "साठा संपला की आम्हीच दात्यांना फोन करत बसतो." ते वाक्य दिवसभर मनातून गेले नाही.

तांबड्या पेशी पोषक द्रावणात २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवल्या तरी जास्तीत जास्त ४२ दिवस वापरता येतात. प्लेटलेट्स तर साधारण ५ दिवसच, आणि त्याही सतत हलवत ठेवाव्या लागतात. म्हणजे एका दिवसाचा उत्साह कितीही मोठा असला, तरी दोन महिन्यांनंतरच्या अपघातग्रस्ताला त्यातील तांबड्या पेशींचा उपयोग नाही. (मीही आजवर शिबिरांतच रक्त दिले, हे कबूल करतो.)

देशाचा साठा टिकवायचा असेल, तर दात्यांना वर्षभर विभागून बोलवावे लागेल आणि नोकरदाराला संध्याकाळीही रक्तपेढीचे दार उघडे सापडावे लागेल. एकदा रक्त दिल्यानंतर तुम्हाला पुन्हा कधी बोलावणे आले का?