तीन घरं, एक ट्रक : आमची वाटचाल

१९९७ साली मी निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात एका बुकिंग ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे माल पाठवल्याच्या पावत्या, लिहायला होतो. समोर टेबल, हाताला कार्बनची शाई, आणि बाहेर भाड्याची वाट बघत गाड्यांच्या सावलीत पडलेले ड्रायव्हर. कारखान्यांचा माल जायचा तो कानाकोपऱ्यात ठासून. पण महिन्यातून दोन-चारदा कुणाची तरी बदली व्हायची, घरसामान यायचं, आणि तेव्हा अख्खी गाडी त्या एका कुटुंबाच्या नावावर निघायची. एक कपाट, एक पलंग, गाद्या, भांड्यांची दोन पिंपं. फाळका लावला तरी मागे एवढी जागा उरायची, की क्लीनर तिथे ताणून द्यायचा. भाडं मात्र पूर्ण गाडीचं.

ते बघून मला जे सुचलं त्यात फार हुशारी नव्हती. बंगलोरला निघालेल्या दोन कुटुंबांना मी विचारलं, एकाच गाडीत सामान पाठवता का, भाडं वाटून घ्या. एकजण लगेच हो म्हणाले. दुसऱ्यांच्या घरी त्यावर दोन दिवस खल झाला. "परक्याच्या सामानात आमचा देव्हारा?" ही काकूंची शंका. शेवटी देव्हारा काकांनी बसमधून मांडीवर नेला आणि बाकीचं सगळं गाडीत गेलं.

१९९९ च्या दिवाळीनंतर मी आणि माझ्या मेहुण्याने स्वतःचं सुरू केलं. गाडी नव्हती. होती ती एक मोजायची टेप, ओळखीचे सात-आठ गाडीवाले आणि पार्ट लोडने, म्हणजे एकाच गाडीत दोन-तीन घरांचं मिळून, घरसामान पाठवायची कल्पना. तेव्हा हे काम कुणी करत नव्हतं असं नाही. करायचे, पण गिऱ्हाइकाला न सांगता. पूर्ण गाडीचे पैसे घ्यायचे आणि वाटेत दुसऱ्याचा माल भरायचा. आम्ही ते उघड केलं आणि पैसे कमी घेतले, एवढाच फरक.

तिसऱ्याच खेपेला फजिती झाली. एका गाडीत हुबळी, दावणगिरी आणि बंगलोर अशी तीन घरं. दोन घरांत काळ्या रंगाची, लाकडी टेबलाची शिलाई मशीन, अगदी जुळ्या बहिणी. हुबळीच्या ताईंनी मशीनचा खण उघडला तर आत परक्या बॉबिनी, शिंप्याचा खडू आणि अर्धं शिवलेलं झबलं. त्यांनी एसटीडी बूथवरून फोन केला तेव्हा गाडी बंगलोरला रिकामी होऊन परतीला लागली होती. दोन्ही मशीन ज्यांच्या त्यांच्या घरी पोचवण्यात त्या खेपेचा नफा गेला, वर खिशातून घालावे लागले.

तेव्हापासून प्रत्येक घराला एक रंग. तांबडा, निळा, पिवळा. प्रत्येक नगावर त्या रंगाची पट्टी आणि तिच्यावर नंबर. यादीच्या तीन प्रती, एक गिऱ्हाइकाकडे, एक ड्रायव्हरकडे, एक आमच्याकडे. पलंगाचे खिळे-बोल्ट छोट्या पिशवीत घालून पिशवी पलंगाच्याच फळीला चिकटवायची, आणि तिलाही नंबर. आधी उतरणारं घर शेवटी चढवायचं आणि दोन घरांच्या मध्ये गाद्या उभ्या लावायच्या. भिंत तर होतेच, शिवाय धक्का खाते. यातलं गाद्यांचं आमच्या मुकादमांचं डोकं, माझं नाही.

त्या काळात दुसऱ्या राज्यात जाणं म्हणजे नाक्यांवर उभं राहणं होतं. कागल सोडलं की कर्नाटकातला कोगनोळीचा नाका. वापरलेलं घरसामान आहे, विकायचा माल नाही, हे पटवायला यादी, बदलीच्या पत्राची झेरॉक्स, मालकाचं सहीचं पत्र. एखादा साहेब भांड्यांचं पिंप उघडायला लावायचा आणि चार तासांची पॅकिंग रस्त्यावर यायची. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके गेले. मुंबईची जकातही त्याच वेळी संपली. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन परवाना-कागद, लागू झालं, पण वापरलेलं घरगुती सामान त्यातून वगळलेलं आहे. अजूनही बरेच गिऱ्हाइक "ई-वे बिलाचे वेगळे द्यावे लागतील" म्हणणाऱ्याला पैसे देऊन बसतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. यादी मात्र आजही सोबत हवी, आणि जुन्या सामानात बिलासकट नवा कोरा, सीलबंद टीव्ही टाकायचा नाही. तो वापरलेल्या सामानात मोडत नाही.

आता स्वस्ताचं बोलू, कारण फोन त्यासाठीच येतो. सगळे आधी विचारतात, "किती किलोमीटरला किती?" आम्ही उलट विचारतो, "सोफा नेताय का?"

पार्ट लोडचा हिशोब घनफुटांचा. चौदा फुटी गाडीचा हौदा साधारण १४ बाय ६ बाय ६, म्हणजे ५०४ घनफूट. एक खोली-स्वयंपाकघराचं सामान नीट रचलं तर दीडशे ते पावणेदोनशे घनफुटांत बसतं, म्हणून एका गाडीत तीन घरं. पुणे-बेंगळुरूला सध्या आमचा दर पॅकिंगसह घनफुटाला ५५ रुपयांच्या आसपास आहे. वॉशिंग मशीन २ बाय २ बाय ३, बारा घनफूट, ६६० रुपये. न्यावं. पुस्तकांचा दीड घनफुटाचा खोका पंचवीसेक किलोचा भरतो, हमाल कुरकुरतो, पण भाडं ऐंशी-पंच्याऐंशी रुपये. खुशाल न्यावीत. आणि तिघांचा सोफा : साडेसहा बाय तीन बाय तीन, अठ्ठावन्न घनफूट, तीन हजारांच्या वर. आत काय, तर हवा. तोच सोफा इथे विकायला काढला तर दोन हजारांना कुणी घेत नाही. आम्ही हे तोंडावर सांगतो. मेहुण्याला सुरुवातीला ते पटायचं नाही. "दादा, आपण भाडं मिळवायला बसलोय की घालवायला?" त्याचंही चूक नव्हतं. पण सोफा विकून गेलेलं गिऱ्हाईक पुढच्या बदलीला परत आमच्याकडेच फोन करतं, हे आता त्यालाही माहीत आहे.

खोका पाच प्लायचा, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याचा घ्या, तीन प्लायचा तळातून सुटतो. किराणा दुकानातले जुने खोके कपड्यांना चालतात, भांड्यांना नाही. रजया, चादरी आणि टॉवेल वेगळ्या खोक्यात भरून जागा अडवू नका. काचेच्या डब्यांभोवती त्याच गुंडाळा, बबल रॅपचे पैसे वाचतात. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून, पाणी काढून, पुसून दार किंचित उघडं ठेवा, आणि गाडीत तो उभाच जाऊ द्या. गॅसचा सिलिंडर आम्ही घेत नाही. तो एजन्सीत जमा करून बदलीचा कागद घ्यावा.

ज्यांच्याकडे एक दुचाकी आणि दोन-तीन खोकेच आहेत, त्यांना आम्ही सरळ रेल्वेच्या पार्सल ऑफिसला धाडतो. टाकी पूर्ण रिकामी, आरसीची झेरॉक्स आणि ओळखपत्र जवळ, हँडल आणि हेडलाइटला गोणपाट, आणि नाव-ठिकाण लिहिलेला पुठ्ठा पक्का बांधलेला. पोचल्यावर वेळेत सोडवली नाही तर वारफेज, म्हणजे पार्सल पडून राहिल्याचा आकार, चढतं, तेवढं सांभाळायचं. नाहीतरी स्लीपरच्या तिकिटावर माणशी ४० किलो सामान मोफत नेता येतं. चौघांचे झाले १६० किलो. कपडे आणि स्वयंपाकघराचं निम्मं तिथेच निघून जातं. दुचाकी दुसऱ्या राज्यात वर्षाहून जास्त राहणार असेल तर निघण्याआधी आरटीओची एनओसी काढायची. ते काम मागाहून इथे फेऱ्या मारून करण्यासारखं नाही.

भाडं आणखी उतरतं ते रिटर्न गाडीला. तिकडची गाडी इकडे माल टाकून रिकामी परतते, ड्रायव्हरला डिझेल निघालं तरी पुष्कळ. पण त्याचं वेळापत्रक त्याचं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये, द्राक्षांच्या हंगामात, नाशिककडून स्वस्तात गाडी मागाल तर गाडीवाला हसेल. मे-जून बदल्यांचे आणि शाळांचे. दर महिन्याची २८ ते ५ तारीख भाडेकरारांची. महिन्याच्या मधल्या आठवड्यात निघू शकत असाल तर घासाघीस करायला जागा असते.

आणि स्वस्ताला वाट बघावी लागते. २००६ मध्ये इंदूरचं एक काम घेतलं. सहा दिवस सांगितले होते. तिसरं घर ऐनवेळी मागे फिरलं, मी गाडी भरायची वाट बघत राहिलो आणि सामान अकराव्या दिवशी पोचलं. त्या घरात पाच महिन्यांचं बाळ. ते गृहस्थ फोनवर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "शेजाऱ्यांची सतरंजी किती दिवस वापरायची हो आम्ही?" चूक सगळी माझी होती. अर्धं भाडं परत केलं. आता आम्ही एक तारीख सांगतच नाही, बिल्टीवर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहून देतो, आणि तिसरं घर मिळो न मिळो, गाडी ठरल्या दिवशी सुटते. तोट्यात गेलेल्या अशा खेपा वर्षाला चार-पाच होतात. गिऱ्हाइकाला एवढंच सांगतो, की पहिल्या आठवड्याची एक बॅग आणि एक कुकर स्वतःबरोबर ठेवा. दागिने, कागदपत्रं आणि औषधंही.

२०२० च्या मार्चअखेर सगळं थांबलं. दोन महिने एक गाडी हलली नाही, दोन ड्रायव्हर गावी गेले ते परतलेच नाहीत. मग जूनपासून वेगळेच फोन सुरू झाले. पोरं-पोरी घाईत आपापल्या गावी निघून गेली होती आणि हिंजवडी-वाकडच्या खोल्यांत त्यांचं सगळं तसंच पडलं होतं. घरमालकाकडून किल्ली घ्यायची, व्हिडिओ कॉल लावायचा आणि रायपूर किंवा लखनौला बसलेली मुलगी सांगेल तसं भरायचं. एका खोलीत कणकेच्या डब्यात किडे झाले होते, दांडीवर तीन महिन्यांपूर्वीचा टॉवेल वाळत होता. "तो डबा फेका काका, पण टॉवेल द्या पाठवून, आजीने दिलाय." त्या वर्षी धंदा तगला तो या एकेका खोलीच्या सामानावर.

थोडं कटू. बदलीचा भत्ता प्रत्यक्ष बिलावर मिळतो अशी काही नोकरदार मंडळी आमच्याकडे येतात, सामान पार्ट लोडने पाठवतात आणि बिल पूर्ण गाडीचं मागतात. आम्ही देत नाही. त्यामुळे गेलेली गिऱ्हाइकं मोजायची मी सोडून दिली. दुसऱ्या बाजूला, निम्म्या भावाचं कोटेशन देऊन सामान गाडीत चढल्यावर दुप्पट मागणारेही या धंद्यात आहेत. अशांच्या तावडीतून सुटून आलेले लोक आमच्यावर पहिले दोन दिवस संशय घेतात, आणि बरोबरच करतात. बिल्टी नीट वाचा. 'ओनर्स रिस्क', म्हणजे नुकसान झालं तर जोखीम मालकाची, असं लिहिलंय का बघा. २००७ चा कॅरेज बाय रोड कायदा २०११ पासून लागू आहे. मालाची जादा किंमत जाहीर केली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंतच असते, आणि नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत द्यावी लागते. महागाचा टीव्ही किंवा पियानो असेल तर वाटेतल्या नुकसानीचा ट्रान्झिट विमा घ्या. एवढा एक खर्च वाचवू नका.

आज आमच्या दोन गाड्या आहेत, बाकी भाड्याच्या. सर्व्हे आता मुलगा मोबाईलवर करतो, मी मागे बसून ऐकतो. गिऱ्हाईक मोबाईल घेऊन सगळं घर फिरवून दाखवतं, पलंगाखालचंसुद्धा. मुलगा आकडा सांगायला जातो आणि मी मागून ओरडतो, "माळा दाखवायला सांग!" मग थोडा वेळ शांतता. मग शिडी सरकवल्याचा आवाज, आणि कॅमेऱ्यात दिसतात जुना कूलर, पाळणा, दोन सुटकेस आणि कुणाच्या तरी लग्नातली पितळी भांडी. पस्तीस-चाळीस घनफूट कुठे गेले नाहीत.